साबणाच्या शेजारी मांडलेला टीव्ही

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच प्रकारच्या खरेदीविषयी आहेत. महिन्याचे वाणसामान भरायला सुपरमार्केटमध्ये गेलेले कुटुंब तांदूळ, तेल आणि साबणाबरोबर टीव्ही, पॉवर बँक, इयरफोन किंवा गाण्यांचा स्पीकर घेऊन घरी येते, आणि त्यातले काही बिघडले की नेमके कोणाकडे जायचे हे त्याला उमगत नाही. पूर्वी गावातल्या रेडिओ-टीव्हीच्या दुकानात मालक स्वतः खोके उघडून, वस्तू चालू करून दाखवत असे, हमीपत्रावर शिक्का मारून तारीख लिहीत असे आणि काही बिनसले तर त्याच्याच दारात जाऊन उभे राहता येत असे. सुपरमार्केटमध्ये तूरडाळीच्या पिशवीवरून जे यंत्र फिरते तेच टीव्हीच्या खोक्यावरूनही फिरते. गल्ल्यावर बसलेल्या मुलीला त्या टीव्हीबद्दल काही ठाऊक असावे अशी अपेक्षा कोणी करत नाही, आणि तशी ती करणे योग्यही नाही. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर या पत्रांसाठी ठेवले आहे. पत्रांत आलेली दुकानांची आणि कंपन्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : प्रजासत्ताक दिनाच्या सेलमध्ये आम्ही एका मोठ्या सुपरमार्केटमधून ४३ इंची स्मार्ट टीव्ही २१,९९० रुपयांना घेतला. तेथे उभ्या असलेल्या एका तरुणाने सर्व माहिती फार आपुलकीने दिली. सहाव्या दिवशी पडद्यावर उभी हिरवी रेषा आली. दुकानात गेलो तर तो तरुण तेथे नव्हता. दुकानाने सांगितले, ‘आमचा संबंध संपला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा.’ सर्व्हिस सेंटर म्हणते, टीव्ही भिंतीवर आमच्या माणसाने टांगला नाही, त्यामुळे हमी लागू नाही. बिलाच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापले आहे. आता काय करावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेला आहात, पण सगळी गुंतागुंत तेथूनच सुरू होते. जो तरुण आपुलकीने माहिती देत होता तो बहुधा दुकानाचा नोकर नव्हताच. मोठ्या दुकानांत कंपन्या आपापली माणसे उभी करतात, त्यांना प्रमोटर म्हणतात. त्यांचा पगार कंपनी देते आणि सेलचे दिवस संपले की त्यांना दुसऱ्या दुकानात पाठवले जाते. त्याने तोंडी दिलेले आश्वासन दुकानही मानत नाही आणि कंपनीही मानत नाही. त्यामुळे असा माणूस ‘दोन वर्षांची हमी आहे’ किंवा ‘सात दिवसांत बदलून मिळेल’ असे म्हणाला, तर तेवढे एक वाक्य बिलावर लिहून त्यावर दुकानाचा शिक्का मागावा. तो देता येत नसेल, तर त्या वाक्यावर विसंबून खरेदी करू नये.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने १९८६ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे, तिच्यात एक स्पष्ट तरतूद आहे : विकलेली वस्तू सदोष असेल आणि बिलात परतीची जी मुदत दिली आहे त्या मुदतीत, किंवा अशी मुदत दिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, ती परत घेऊन पैसे द्यायला विक्रेत्याने नकार दिला, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ही जबाबदारी विक्रेत्यावर टाकलेली आहे. ‘आमचा संबंध संपला’ हे उत्तर म्हणूनच टिकणारे नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य म्हणजे परतीची मुदत नव्हे, आणि कायद्याने दिलेला हक्क दुकानदाराला छापखान्यात जाऊन रद्द करता येत नाही. ग्राहक आयोगांनी अशा छापील वाक्यांना वेळोवेळी फटकारले आहे.

तुमचे ३० दिवस अजून संपलेले नाहीत, तेव्हा पहिले काम आजच करा. दुकानाच्या व्यवस्थापकाला आणि बिलावर दिलेल्या नोंदणीकृत पत्त्यावर एकेक पत्र पाठवा. त्यात खरेदीची तारीख, रक्कम, दोष दिसला तो दिवस, दुकानाने आणि सर्व्हिस सेंटरने दिलेली उत्तरे, आणि तुम्हाला बदली टीव्ही हवा आहे की पैसे, हे साध्या शब्दांत लिहा. व्यवस्थापकाकडून दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तो पोच देत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि टपालाची पावती जपून ठेवा. रागाच्या भरात लिहिलेली चार पाने नंतर उपयोगी पडत नाहीत, तारखा असलेले एक पान पडते.

पडद्याचा फोटो दोनदा काढा. एकदा टीव्ही चालू असताना, रेषा दिसेल असा, आणि एकदा टीव्ही बंद असताना, तिरक्या उजेडात, काच कोठेही तडकलेली नाही हे दिसेल असा. पडद्याच्या तक्रारीत सर्व्हिस सेंटरचे सर्वांत ठरलेले उत्तर ‘हा आदळआपटीचा परिणाम आहे’ असे असते, आणि आदळआपट हमीत बसत नाही. काच अखंड असताना आलेली सरळ उभी रेषा ही सामान्यतः पडद्याच्या कडेला जोडलेल्या पट्टीतला किंवा पडद्यातलाच बिघाड असतो. भिंतीवर टांगण्याविषयी म्हणाल, तर हमीपत्रातल्या अटी नीट वाचाव्यात हे खरेच, पण स्वतःच्या सुताराने मारलेल्या चार स्क्रूंमुळे पडद्यावर रेषा कशी आली हे कंपनीने दाखवून दिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या तंत्रज्ञाने घरी येऊन पाहणी केली असेल तर त्याच्या जॉब शीटची, म्हणजे पाहणीची नोंद असलेल्या कागदाची, प्रत मागा. ती देत नाहीत, तेव्हा न देण्याची नोंदही पत्रात करा.

पत्राला पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेथे मराठीतही बोलता येते. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, परंतु तक्रार थेट कंपनीच्या वरिष्ठ कार्यालयात पोचवते, आणि स्थानिक सर्व्हिस सेंटरने अडवून धरलेली अनेक कामे एवढ्यानेच सुटतात. त्यानेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करण्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ ही व्यवस्था आहे, आणि तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुकान पुण्यात असो की मुंबईत, तुम्ही राहता त्या साताऱ्यातच तक्रार करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागत नसेल तर समोरच्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अनेकदा याहून अधिक काळ जातो, हे मी लपवणार नाही. म्हणूनच हेल्पलाइनचा टप्पा वगळू नये. तक्रारीत दुकान आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही पक्षकार करा. एकालाच केले तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवत राहतो.

बिलाविषयी सगळ्याच वाचकांसाठी दोन शब्द. सुपरमार्केटचे बिल उष्णतेने उमटणाऱ्या गुळगुळीत कागदावर छापलेले असते आणि काही महिन्यांत, विशेषतः ते पाकिटात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले तर, त्यावरची अक्षरे पुसट होत जातात. वर्षभराच्या हमीसाठी अकराव्या महिन्यात सर्व्हिस सेंटरला दाखवायचा पुरावा म्हणजे अनेकदा एक कोरा कागद उरलेला असतो. त्याच दिवशी बिलाचा फोटो आणि झेरॉक्स काढून ठेवावी. दुसरी अडचण अशी की या बिलावर तांदूळ आणि फिनेलच्या मधे कोठेतरी ‘एलईडी टीव्ही ४३’ एवढेच लिहिलेले असते. वस्तूचा अनुक्रमांक, म्हणजे सीरियल नंबर, त्यात नसतो. त्यामुळे हाच टीव्ही त्याच बिलाचा आहे हे सिद्ध करणे अवघड जाते. महागड्या वस्तूसाठी ग्राहक सेवा काउंटरवर वेगळे, तुमच्या नावाचे आणि अनुक्रमांक लिहिलेले कर-बिल मागा. मागितले की बहुतेक ठिकाणी ते देतात, कोणी मागत नाही एवढेच.

प्रश्न : मी २०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली. माझ्या फोनची बॅटरी ५,००० एमएएचची आहे. हिशेबाने चार वेळा चार्ज व्हायला हवा, पण तिसऱ्या वेळी मध्येच संपते. माझी फसवणूक झाली आहे का? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या वर्णनावरून तुमची पॉवर बँक चांगली आहे. खोक्यावरचा आकडा खोटा नाही, पण तो अर्धवट आहे. २०,००० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, हा आकडा आतल्या बॅटरी-सेलचा आहे आणि त्या सेलचा दाब सुमारे ३.७ व्होल्ट असतो. म्हणजे २० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट, साठवलेली ऊर्जा ७४ वॉट-तास झाली. बाहेर वीज ५ व्होल्टने द्यायची असते, तेव्हा तीच ऊर्जा ५ व्होल्टच्या हिशेबात १४,८०० एमएएच होते. दाब वाढवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, फोनमध्ये भरताना आणखी थोडी जाते, आणि हाती अडीच ते पावणेतीन चार्ज उरतात. चांगल्या कंपन्या खोक्यावर किंवा वस्तूच्या पाठीवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून वेगळा, कमी आकडा देतात. विकत घेताना दोन पॉवर बँकांची तुलना करायची तर ती या बारीक आकड्यांची करावी.

खरी फसवणूक वेगळी असते आणि ती धोकादायकही असते. चार्जर, पॉवर बँक आणि अशा अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक ब्युरोकडे सक्तीची नोंदणी करावी लागते. नोंदणी झालेल्या वस्तूवर ब्युरोचे चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरानंतर आठ आकडी क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की उत्पादकाचे नाव, पत्ता आणि वस्तूचा प्रकार दिसतो. गल्ल्याजवळच्या टोपलीत च्युइंगगमच्या शेजारी ठेवलेले स्वस्त चार्जर घेण्यापूर्वी एवढे जरूर करा. खोक्यावर क्रमांक आहे पण अ‍ॅपमध्ये भलत्याच कंपनीचे नाव येते, अशी वस्तू मी स्वतः एकदा परत ठेवली आहे. रांगेत उभे असताना एवढ्या तपासणीला एक मिनिट पुरते आणि उशाशी ठेवून रात्रभर चार्ज होणाऱ्या वस्तूसाठी ते मिनिट खर्च करायलाच हवे. जाता जाता, तुमची ७४ वॉट-तासांची पॉवर बँक विमानात १०० वॉट-तासांच्या मर्यादेत बसते, पण ती हातातल्या सामानात न्यायची असते, आत टाकण्याच्या बॅगेत नाही.

प्रश्न : ‘५,००० वॉट’ लिहिलेला स्पीकर गणपतीसाठी घेतला. आवाज शेजारच्या ‘४० वॉट’वाल्यापेक्षा कमी येतो. — एक मंडळ कार्यकर्ता, नगर

उत्तर : ५,००० च्या पुढे बारीक अक्षरात ‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणभरासाठीची कमाल शक्ती, असे लिहिलेले असेल, ते पाहा. त्या आकड्याला मोजमापाचे कोणतेही ठरलेले मानक नाही. ‘आरएमएस’ वॉट किती हे विचारा, कारण सलगपणे किती शक्तीचा आवाज निघेल हे तोच आकडा सांगतो.

प्रश्न : येथील एका सुपरमार्केटमधून ३२ इंची स्वस्त स्मार्ट टीव्ही घेतला. खोक्यावर ‘फुल एचडी सपोर्ट’ आणि एका चित्रपट-सेवेचे तीन महिन्यांचे मोफत सदस्यत्व असे दोन्ही होते. चित्र धूसर दिसते. त्या सेवेचे अ‍ॅप उघडते, पण चित्रपट नेहमी खालच्या दर्जातच चालतो. सदस्यत्वाचा कोडही ‘मुदत संपली’ म्हणतो. पूर्वी आम्ही याच दुकानातून चित्रपटांच्या सीडी आणत असू, तेव्हा असा मनस्ताप कधी झाला नाही. — एक वाचक, मडगाव

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्याने मला २००७-०८ चे दिवस आठवले. मोझर बेअर या कंपनीने तेव्हा चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या होत्या, आणि सुपरमार्केटमध्ये बिस्किटांच्या कपाटाशेजारी त्यांचे मोठाले रॅक उभे असत. मीही भाजीच्या टोपलीत दोन-तीन टाकून आणत असे. ती तबकडी पूर्ण वस्तू होती. घरी आणली, यंत्रात घातली, चित्रपट दिसला आणि नंतर ती कपाटात तुमचीच राहिली. आज सुपरमार्केटमध्ये मनोरंजन म्हणून जे विकले जाते ते खोक्यात पूर्ण नसते. पडदा खोक्यात असतो, पण चित्रपट, त्याचा परवाना, इंटरनेट आणि अ‍ॅपची पुढची आवृत्ती या सर्व गोष्टी वेगवेगळ्या कंपन्यांच्या हातात असतात, आणि दुकानातल्या कोणालाही त्यांचे उत्तर देता येत नाही. तुमचा मनस्ताप येथूनच आला आहे, तुमच्या अजाणतेपणातून नाही.

तुमच्या तीन तक्रारी वेगवेगळ्या आहेत. चित्राच्या धूसरपणाचे कारण पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या आहे. ३२ इंची स्वस्त टीव्ही बहुधा ‘एचडी रेडी’ असतात, म्हणजे आडवे १,३६६ आणि उभे ७६८ ठिपके. फुल एचडीला १,९२० आणि १,०८० लागतात, म्हणजे एकूण ठिपके जवळजवळ दुप्पट. ‘फुल एचडी सपोर्ट’चा अर्थ असा की फुल एचडी चित्र या टीव्हीत आत येऊ शकते. ते दाखवताना तो त्यातले निम्मे ठिपके गाळतो. खोक्याच्या मागच्या बाजूला ‘रिझोल्यूशन’ या शब्दापुढचे दोन आकडे पाहणे हाच उपाय. ग्राहकाची समजूत चुकावी अशा रीतीनेच ती शब्दरचना केली आहे असे मला वाटते, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध तक्रार करण्याची सोय २०१९ च्या कायद्यात आहे. खोक्याचा फोटो जपून ठेवा.

दुसरी तक्रार अ‍ॅपची. चित्रपट-सेवा आपले चित्रपट चोरीला जाऊ नयेत म्हणून ते कुलूपबंद स्वरूपात पाठवतात. ते कुलूप उघडण्याची यंत्रणा टीव्हीच्या चिपमध्ये प्रमाणित केलेली असेल तर पूर्ण दर्जाचे चित्र मिळते, आणि ती केवळ सॉफ्टवेअरने चालवलेली असेल तर सेवा मुद्दाम कमी दर्जाचे, सुमारे ४८० ओळींचे चित्र देते. या दोन पातळ्यांना ‘वाइडव्हाइन एल-१’ आणि ‘एल-३’ म्हणतात. अनेक स्वस्त टीव्हींमध्ये गुगलने प्रमाणित न केलेले अँड्रॉइड असते आणि पातळी एल-३ असते. त्यामुळे इंटरनेट कितीही वेगवान घेतले तरी चित्र सुधारत नाही. खोक्यावर नुसते ‘अँड्रॉइड’ लिहिले आहे की ‘गुगल टीव्ही’ किंवा ‘अँड्रॉइड टीव्ही’ असे पूर्ण नाव आहे, हे म्हणून पाहायचे. तुमच्या घरी टीव्ही आता आलेलाच आहे, तर तो टाकून देऊ नका. एचडीएमआयच्या छिद्रात बसणारी नामांकित कंपनीची स्टिक लावली की अ‍ॅपचे काम ती करते आणि टीव्ही फक्त पडदा म्हणून उरतो. ‘एचडी रेडी’चा धूसरपणा मात्र त्याने जाणार नाही.

कोडची मुदत संपण्याचे कारण खोक्यावरच्या उत्पादनाच्या महिन्यात सापडेल. वैध मापनाच्या, म्हणजे वजन-मापे आणि बंद पाकिटांवरची माहिती यांविषयीच्या, २०११ च्या नियमांनुसार बंद खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो, आयात वस्तूवर मूळ देशही. आपण हा महिना दुधाच्या पिशवीवर पाहतो, टीव्हीवर पाहत नाही. गोदामात दीड वर्ष पडून राहिलेल्या टीव्हीची हमी बिलाच्या तारखेपासून सुरू होत असली, तरी त्यासोबतचा कोड आणि त्यातले सॉफ्टवेअर गोदामातच जुने झालेले असते. सदस्यत्व मोफत म्हणून जाहीर केले होते, तेव्हा ते देणे हा कराराचा भाग आहे. कोड चालू करून द्यावा किंवा त्याची किंमत परत करावी, असे दुकानाला लेखी कळवा.

प्रश्न : सुपरमार्केटच्या स्वतःच्या नावाचा टीव्ही नामांकित कंपनीच्या टीव्हीपेक्षा सात हजारांनी स्वस्त आहे. घ्यावा का? शिवाय त्यावर ‘कमाल किंमत २४,९९९, आमची किंमत ११,९९९’ असे लिहिले आहे. एवढी सूट खरी असते का? — एक गृहिणी, नाशिक

उत्तर : सूट खरी मानू नका. कमाल किरकोळ किंमत ही वरची मर्यादा आहे. तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेणे गुन्हा आहे, पण ती किती छापावी हे उत्पादकच ठरवतो. २६ जानेवारी २००६ ला बिग बझारने ‘सबसे सस्ता दिन’ साजरा केला, दुकानांबाहेर रांगा लागल्या, आणि तेव्हापासून राष्ट्रीय सणाच्या दिवशी सुपरमार्केटमध्ये जाऊन टीव्ही आणण्याची आपल्याला सवय लागली. सेलच्या पिवळ्या पट्टीवरची तुलना दुकान स्वतः छापलेल्या मोठ्या आकड्याशी करत असते. आपण ती त्याच आकाराच्या, त्याच ठिपक्यांच्या दुसऱ्या टीव्हीच्या आजच्या विक्री-किमतीशी करायला हवी. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, हेही जुने दर आठवून तुलना करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

दुकानाच्या स्वतःच्या नावाविषयी मात्र एक चांगली गोष्ट आहे, जी फार थोड्या ग्राहकांना माहीत असते. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर जो स्वतःचे नाव किंवा चिन्ह लावतो, त्यालाही ग्राहक संरक्षण कायदा उत्पादकच मानतो. म्हणजे अशा टीव्हीच्या बाबतीत ‘कंपनीकडे जा’ हे उत्तर दुकानाला देताच येत नाही, कारण कंपनीही तेच आहे. साताऱ्याच्या वाचकांना जी धावाधाव करावी लागली ती येथे निम्म्याने वाचते. प्रश्न उरतो तो दुरुस्तीचा. नाशिकमध्ये त्यांचा तंत्रज्ञ आहे का, हमीच्या काळात टीव्ही न्यायला माणूस घरी येतो की तुम्हीच तो रिक्षात घालून न्यायचा, आणि पडदा हमीत आहे की फक्त आतले भाग, या तीन गोष्टी हमीपत्र उघडून वाचा. उत्तरे समाधानकारक असतील तर घ्यायला हरकत नाही. बैठकीच्या खोलीतला मुख्य टीव्ही असेल तर मी थोडे जास्त पैसे देऊन, शहरात सर्व्हिस सेंटर असलेल्या कंपनीचा घेईन.

प्रश्न : मी ब्रिटनमध्ये राहते. येथील सुपरमार्केटमध्ये स्वस्तात मिळालेला टॅब्लेट पुण्याला आईसाठी पाठवला. महिनाभरात बंद पडला. पुण्यात कोणी हात लावायला तयार नाही. — एक वाचक, स्लाव

उत्तर : तुमच्याकडच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तूची जबाबदारी विक्रेत्या दुकानाची असते, आणि पहिल्या ३० दिवसांत वस्तू नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर दुकानाला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी द्यावी लागते, आणि सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो मुळातच होता असे धरले जाते. हा हक्क पुण्यात आईला वापरता येत नाही, कारण खरेदी तुमची आणि दुकान तिकडचे. कोणी येणारे-जाणारे असेल तर टॅब्लेट परत मागवा आणि मूळ पावतीसह तेथल्याच दुकानात न्या. उत्पादकाची हमी आंतरराष्ट्रीय आहे असे हमीपत्रात लिहिले असेल, तरच पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरला आग्रह धरता येईल. मात्र त्याआधी एक साधी गोष्ट पाहून घ्यायला आईंना सांगा. ब्रिटनचा चार्जर तीन चपट्या पिनांचा असतो, तो आपल्या गोल भोकांत बसत नाही, आणि मग घरात सापडेल तो जुना चार्जर लावला जातो. दोन्हीकडे विजेचा दाब सारखाच असल्याने अडचण दाबाची नसते, दुबळ्या चार्जरची असते. योग्य क्षमतेचा, नोंदणी क्रमांक असलेला चार्जर आणि दुसरी केबल लावून टॅब्लेट दोन तास ठेवावा. पूर्ण रिकामी झालेली बॅटरी पहिली काही मिनिटे पडद्यावर काहीच दाखवत नाही.

प्रश्न : इयरफोन घरी आणून कानात घातले तर दुखतात. दुकान म्हणते, पाकीट फोडले म्हणून परत घेणार नाही. हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. कायद्याने दिलेला परतीचा हक्क सदोष वस्तूसाठी आहे. वस्तू ठीक आहे पण आपल्याला मानवली नाही, रंग आवडला नाही, घरी दुसरी होती, अशा वेळी परत घेणे दुकानाच्या धोरणावर अवलंबून असते, आणि कानात घालायची वस्तू दुसऱ्याला विकता येत नाही हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. पाकिटात रबराच्या लहान-मोठ्या आकाराच्या तीन जोड्या आहेत का ते पाहा. इयरफोनवर आधीच बसवून येणारी बहुधा मधली जोडी असते, आणि लहान जोडी लावल्यावर पुष्कळांचे दुखणे थांबते. त्याउलट एका कानात आवाज कमी येत असेल किंवा खरखर होत असेल, तर पाकीट फोडल्याचे कारण दुकानाला सांगता येणार नाही, कारण पाकीट फोडल्याशिवाय तो दोष कळण्याचा मार्गच नाही. तसे असेल तर बिल घेऊन जा आणि काउंटरवर त्यांच्याच फोनला जोडून दाखवा.